सगळं मिनिटांत मोजणारे बिलोलीकर

वसंतराव बिलोलीकरांच्या घरी पाहुणा आला की पाणी नंतर येतं, प्रश्न आधी येतो.

"कसे आलात?"

पाहुणा चपला काढता काढता म्हणतो, "बसनं."

"ते दिसतंच आहे. पण दुसरं काय काय होतं?"

"दुसरं म्हणजे?"

"ऑटो होता. सेव्हन-सीटर होती. कोणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून येता आलं असतं. हे सगळं सोडून बसच का?"

एकदा शेजारी आमच्याकडे निघालेल्या माझ्या पुण्याच्या मेहुण्यांना त्यांनी असंच दारात पकडलं. मेहुणे घामानं निथळत होते. ते वैतागून म्हणाले, "अहो, बस समोर उभी होती, चढलो!" वसंतरावांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे थांबावं लागलं नाही! हेच, हेच म्हणतो मी!" असं म्हणून ते पेन्सिल आणायला आत पळाले आणि मेहुण्यांना पाणी शेवटी मीच दिलं. तेव्हापासून मेहुणे आमच्याकडे आले की त्यांच्या दारावरून पाय न वाजवता जातात.

अंबरपेठेत आमची आणि बिलोलीकरांची भिंत एक. ते मूळचे नांदेडकडचे, पण जन्म, शाळा, नोकरी सगळं हैदराबादचं. नामपल्लीला एका सल्लागार कंपनीत त्यांना काम होतं आणि ते काय होतं हे गल्लीत माझ्याशिवाय कोणाला नीट माहीत नव्हतं. माझे यजमान म्हणायचे, "बस मोजतात." भाजीवाली मल्लम्मा म्हणायची, "पोलिस आदमी है." खरं म्हणजे शहरातली माणसं घरून कामाला जाताना कशानं जायचं हे कसं ठरवतात, याचा हिशेब मांडण्याचं ते काम होतं. उद्या एखादा पूल झाला किंवा नवी बस सुरू झाली, तर कोण कशातून उतरून कशात चढेल, ते आज सांगायचं.

त्या वर्षांत या कामाला एकाएकी किंमत आली होती. दर कोपऱ्यावर पिवळे टेलिफोन बूथ आले होते, गाडी घ्यायला कर्ज दारात येऊन मिळत होतं, आणि ज्या घरात एक सायकल होती तिथं स्कूटर आणि जिथं स्कूटर होती तिथं मोटार दिसायला लागली होती. सगळ्या शहरालाच कुठंतरी लवकर पोचायचं होतं. वसंतराव मात्र कोठीच्या बस थांब्यावर उन्हात उभे राहून लोकांना शांतपणे विचारत, "कां जारे? कायकू?" म्हणजे कुठं चाललात, कशाला?

त्यांचा सिद्धांत एका वाक्यात सांगण्यासारखा होता, आणि ते तो रोज सांगत: "वहिनी, माणूस मिनिटं मोजतो. पण घड्याळातली नाही, जिवाला लागलेली." बसमध्ये बसलेलं मिनिट म्हणजे एक. उभं राहून काढलेलं म्हणजे दीड. थांब्यावर वाट बघत काढलेलं दोन. थांब्यावर ऊन असेल तर तीन. कंडक्टर खेकसला तर त्याची चार वेगळी धरायची. आणि शेजारच्यानं पेपरातलं एक पान वाचायला दिलं तर तीन वजा करायची.

"वजा?"

"हौ! प्रवास तेवढा कमी झाला की नाही जिवाला?"

हे सगळं ऑफिसात ठेवून घरी आले असते तर गोष्ट वेगळी. जोश्यांच्या मुलीच्या लग्नात पहिल्यांदा उभ्यानं जेवायची पद्धत आली. मी म्हटलं, "वसंतराव, जिलबी घ्या की." त्यांनी रांगेकडे एक नजर टाकली. "दहा मिनिटं, गुणिले दोन. वर पंख्याखाली नाही. जिलबी एवढ्याची नसते, वहिनी." असं म्हणून त्यांनी माझ्या ताटातली घेतली.

लोकांनी मात्र त्यांच्या हिशेबाला कधी साथ दिली नाही. कोठीला एकदा चहाच्या हॉटेलाबाहेर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी रिकाम्या दोन बस डोळ्यांदेखत जाऊ दिल्या. वसंतराव धावत गेले. "क्यूं छोडे साब?"

"चाय आधी बाकी थी."

"दूसरी बी छोडे!"

"अरे मियाँ, उसके बाद बातां शुरू हो गए ना."

दुसरा कोणी वैतागला असता. वसंतराव संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून हे सांगताना डोळे पुसेपर्यंत हसले. "हे परदेशी पुस्तकात नाही, वहिनी. तिथं माणूस बस बघितली की चढतो. आमच्याकडे चहा संपावा लागतो, वर बोलणं संपावं लागतं. ह्याला मी काय आकडा देऊ?" एका ऑटोवाल्याला त्यांनी विचारलं होतं, मीटरनं का येत नाहीस? तो म्हणाला, "मूड नै है साब." वसंतरावांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात 'मूड' असा नवा रकाना घातला. साहेबांनी तो खोडला. त्यांनी परत घातला.

त्यांच्या हाताखाली माहिती गोळा करणारी पाच-सहा मुलं होती. त्यांना एकच गोष्ट सक्त मना होती, ती म्हणजे 'इतर कारण' लिहिणं. "इतर म्हणजे तू विचारायचा कंटाळा केलास," ते म्हणत. "माणसाकडे कारण असतं. ते पोटात असतं. परत विचार. गप्प उभा राहा. तो सांगतो."

मला ते फार मान देत, आणि तो माझ्या स्वयंपाकासाठी नव्हता. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, आणि बाहेर पडण्याआधी कामं रस्त्याच्या क्रमानं लिहून काढायची मला सवय आहे. आधी आबिड्सचं पोस्ट, मग तिथूनच पुस्तकांचं दुकान, परतताना काचीगुड्याला गिरणी. उलट फेरी नाही, रिकामा हात नाही. वसंतरावांनी हे पाहिल्यावर ऑफिसातल्या मुलांना माझ्याकडे आणलं. "बघा. हा आदर्श प्रवासी. पुस्तकातला. शहरात एकच आहे." मुलं माझ्याकडे प्राणिसंग्रहालयात बघतात तशी बघत होती. मी त्यांना पोहे दिले आणि जाताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे माझी एक साडी टाकायला सांगितली, कारण त्यांच्या वाटेवरच होता.

वसंतरावांच्या पत्नी सुधावहिनी गेल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. घरात वसंतराव आणि मुलगी मंजिरी, दोघंच. मंजिरी दहावीत होती तेव्हा आई गेली. नंतर ती कॉम्प्युटर शिकली आणि बेगमपेठेला एका नव्या कंपनीत लागली. रोज सकाळी वसंतरावांची राखाडी स्कूटर तीन किका मारल्यावर खोकत सुरू व्हायची, मंजिरी मागं एका बाजूला पाय टाकून बसायची आणि दोघं निघायचे. तिला बेगमपेठेला सोडून ते मागं नामपल्लीला यायचे. संध्याकाळी परत नामपल्लीहून बेगमपेठ, तिथून घर. एवढं उलटसुलट जाणारा दुसरा कोणी असता तर वसंतरावांनी त्याला ओट्यावर बसवून शिकवणी घेतली असती.

एका गुरुवारी मंजिरी आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. नाक लाल.

"काकू, तुम्ही बाबांना समजवा. मला मोपेड पाहिजे."

"का गं एकदम?"

"एकदम नाही काकू, दोन महिने झाले बोलतेय. कंपनीत नवं मोठं काम आलंय. सकाळी सातला पोचायचं. जे स्वतःचे स्वतः येऊ शकतात त्यांनाच घेणार. पद्मजाला घेतलं, तिच्याकडे गाडी आहे. मला सर म्हणाले, सोमवारी सांग. बाबा सातला सोडूच शकत नाहीत, त्यांच्या ऑफिसात तेव्हा वॉचमनपण नसतो. आणि बसनं जायचं तर दोन बदलाव्या लागतात."

"मग वसंतराव काय म्हणतात?"

"काय म्हणणार! म्हणाले, हिशेब करून सांगतो." तिनं पदराला, म्हणजे माझ्या पदराला, नाक पुसलं. "परेशान झाले मी ह्या हिशेबानं."

मी तिला निश्चिंत राहा म्हटलं. मला वाटलं, हा तर सरळ प्रश्न आहे. ज्या माणसानं गल्लीतल्या प्रत्येक घरात कधी कोणती गाडी येणार ते आधी सांगितलं, त्याला आपल्या घरातली मोपेड दिसणार नाही?

शनिवारी संध्याकाळी वसंतराव ओट्यावर आले. चेहरा गंभीर, पण आतून खूश.

"झाला हिशेब, वहिनी. मोपेड बसत नाही. मागं बसून जाणंच फायद्याचं."

मी भाजी निवडत होते. देठ खाली टाकला. "ते कसं काय?"

"मोपेडला पंक्चरची भीती आहे. ओढणी चाकात जाण्याची आहे. ट्रकवाल्यांची आहे. शिवाय ऊन."

"अहो, ऊन तर तुमच्या स्कूटरवर पण असतं!"

"ती माझ्या सावलीत असते ना," वसंतराव म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

"बरं," मी म्हटलं. "संध्याकाळी ती तुमची वाट बघत कंपनीच्या फाटकाशी उभी असते. वाट बघण्याचं मिनिट दुप्पट ना?"

"तिथं सावली आहे."

"सावलीत दुप्पट, उन्हात तिप्पट. तुम्हीच सांगितलंय."

"तिथं बाकडं पण आहे, वहिनी."

"आणि तुमचा स्वतःचा वेळ? नामपल्लीवरून पलीकडे जाऊन परत यायचं, सकाळ-संध्याकाळ. तो कुठं धरलाय?"

"माझा कशाला धरायचा? मी काही प्रवासी नाही. मी ड्रायव्हर आहे." आणि ते उठून गेले. त्या माणसाला चर्चा अर्धी सोडून उठताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी सकाळी मी मंजिरीला बोलावलं आणि नीट एकेक विचारायला बसले. किती वाजता निघता, कुठं थांबता, कोणत्या रस्त्यानं.

"जाताना तलावाच्या बंधाऱ्यावरून सरळ," ती म्हणाली. "येताना मात्र फिरवत आणतात."

"फिरवत म्हणजे?"

"बेगमपेठहून खैरताबाद, मग नामपल्ली, आबिड्स, कोठी, काचीगुडा. अख्खं शहर. सगळ्यात गर्दीचा रस्ता! मला वाटतं त्यांचं काहीतरी मोजायचं चालू असतं. मी पण मागं बसून काय करणार, बडबड करते."

"कसली बडबड?"

"ऑफिसातलीच. पद्मजानं काय घातलं, सर कोणावर ओरडले, डब्यात कोणी काय आणलं. ते काही बोलत नाहीत. हूं हूं करतात. ऐकतात की नाही, देव जाणे."

"आणि घरी आल्यावर?"

"घरी काय काकू? ते वरणाला फोडणी देतात, मी टीव्ही लावते. मग जेवायचं."

मी निवडायला मेथी पुढं ओढली. कारण तिला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. पद्मजाचं लग्न ठरता ठरता मोडलं, तिच्या सरांना शिंका आल्या की सातच येतात, डब्यातली गोंगुराची, म्हणजे अंबाडीची, चटणी सगळ्यात आधी संपते, हे सगळं मी वसंतरावांकडून ओट्यावर ऐकलेलं होतं. अगदी नावागावासकट.

मी काही बोलायच्या आत मंजिरी उठली. "काकू, ते काय करतात ते मला येतं. मी लहानपणापासून ऐकलंय." आणि ती तरातरा भिंतीपाशी गेली. "बाबा! इकडे या. काकूंकडे. सर्व्हे आहे."

वसंतराव बनियनवर शर्ट चढवत आले. मंजिरीनं त्यांना ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली, त्यांच्या ऑफिसातली मुलं थांब्यावर उभी राहतात तशी.

"नाव?"

"काय पोरखेळ आहे, मंजू?"

"नाव सांगा, अंकल. हमारे पास टाइम कम है."

त्यांना हसू आलं. "वसंत बिलोलीकर."

"संध्याकाळी बेगमपेठहून अंबरपेठला कसे येता?"

"स्कूटरनं."

"कोणत्या रस्त्यानं?"

हसू थोडं कमी झालं. "कोठीवरून."

"दुसरा रस्ता होता?"

"होता."

"जवळचा होता?"

"होता."

"त्यावर खड्डे? ट्रक? ओढणी जाण्याची भीती?"

"नाही."

"मग तो सोडून हा का?"

वसंतराव माझ्याकडे बघायला लागले. मी मेथी निवडत होते. मला फार काम होतं.

"इतर कारण," ते म्हणाले.

मंजिरी काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. समोरून मल्लम्माची गाडी गेली, तिनं हाक मारली, कोणी उत्तर दिलं नाही. वसंतरावांनी शर्टाचं एक बटण लावलं, काढलं, परत लावलं.

"तू मागं बसून बोलतेस ना," ते शेवटी म्हणाले, "ते जवळच्या रस्त्यानं पुरं होत नाही."

मंजिरीचा चेहरा असा झाला की मीच उठून आत गेले. आतून मला ऐकू येत होतं. ऐकायचं नाही म्हणून मी नळ सोडला, पण आमच्याकडे त्या वेळी नळाला पाणी नसतं.

"तुम्ही तर नुसतं हूं हूं करता, बाबा."

"गाडी चालवताना आणखी काय करणार? मागं वळून बघू?"

"मग घरी का नाही विचारत कधी?"

"घरी तू समोर असतेस. समोर असलीस की सुधासारखी दिसतेस. मग मला काय विचारायचं ते सुचत नाही."

 नाक ओढल्याचा आवाज आला, एकाचा की दोघांचा ते कळलं नाही. मग मंजिरी म्हणाली, "मला ते काम पाहिजे, बाबा."

"हौ, माहिती आहे," वसंतराव म्हणाले. "ते तर तू कोठीला रोजच सांगत होतीस. सिग्नलला."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तिघांपैकी कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

सोमवारी तिनं कंपनीत हो सांगितलं. त्याच आठवड्यात मोपेड आली, निळी, आरशांवर अजून कागद चिकटवलेले. पुढचे दोन रविवार वसंतराव तिला घेऊन नामपल्लीच्या प्रदर्शनाच्या मैदानावर गेले. प्रदर्शनाचे दिवस नव्हते, मैदान मोकळं होतं. एका रविवारी मी पण गेले होते. मंजिरी गोल गोल फिरत होती आणि वसंतराव मध्ये उभे राहून ओरडत होते, "आरसा बघ! आरसा बघ!" तिनं एकदा हात सोडून दाखवला तर त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.

पहिल्या दिवशी ती पहाटेच निघाली. गल्लीतले सगळे दारात आले होते. वसंतरावांनी टायर दाबून पाहिले, ओढणीची गाठ पाहिली, पेट्रोल पाहिलं. तिनं वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "नमस्कार कशाला? ऑफिसला चाललीस." ती वळणावर दिसेनाशी झाली तरी ते फाटक धरून उभे होते. मग आत गेले.

मला सकाळी डबे करायचे होते, आमच्या यजमानांचा, माझा. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती हे डबा भरल्यावर लक्षात आलं. नऊच्या सुमारास शेजारी स्कूटर सुरू करण्याचा आवाज आला. एक किक. दुसरी. तिसरीला खोकून सुरू झाली. पण ती जाईना. तशीच फटफटत उभी राहिली.

मग कुंपणावरून हाक आली. "वहिनी!"

मी बाहेर आले. वसंतराव इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर बसले होते. मागची सीट कोरड्या फडक्यानं पुसून ठेवलेली दिसत होती.

"आबिड्सला तुमचं काही काम आहे का?" ते म्हणाले. "नाही म्हणजे, मी निघालोच आहे. एकट्याला गाडी फार हलकी लागते आज. हँडल हलतं."

आबिड्सला माझं काही काम नव्हतं. पोस्टाचं परवाच झालं होतं, पुस्तकं जूनमध्ये घ्यायची होती. घरी पीठ संपलं होतं आणि दुपारी गॅसवाला यायचा होता.

"आहे ना," मी म्हटलं. "थांबा, चपला घालते."

मी दाराला कुलूप लावलं, पदर कमरेला खोचला आणि मागं बसले. मल्लम्मा गाडी थांबवून बघायला लागली, तिला म्हटलं, "आबिड्स जारी, काम है." वसंतरावांनी गिअर टाकला.  मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी जरा पुढं झुकले आणि त्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली, आमच्या शाळेच्या नव्या हेडमास्तरीण बाई कशा आहेत ते.

"हूं," वसंतराव म्हणाले.